नाबोथाचा मळा आणि आमचा सातबारा

2024 साली नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची अधिसूचना निघाली आणि कोल्हापूर जिल्ह्यात मोर्चे सुरू झाले. भुदरगड तालुक्यातल्या गावांचीही नावे त्यात होती, त्यामुळे गारगोटीच्या बाजारात भाजीच्या भावाआधी गट नंबरांची चर्चा. तेव्हा पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारले, "मामा, पौलाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हटलंय ना? मग ख्रिस्ती शेतकऱ्याने मोर्चात जायचं की नाही?" फोनवर आटोपण्यासारखा प्रश्न नव्हता. इथे लिहितो.

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सत्ताधाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो आणि कर द्यायला सांगतो. मला ते मान्य आहे, मास्तरांचा कर तर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो! पण सेवक म्हटला की त्याच्या वर धनी आला. आणि पौल स्वतः कसा वागला? फिलिप्पै गावी चौकशीवाचून फटके मारून त्याला तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडू लागले तर हा म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. पुढे तर त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. अधीन राहणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हे त्याला ठाऊक होते.

आता नाबोथाकडे या (1 राजे, अध्याय 21). राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. राजाने सुरुवातीला जुलूम केला नाही, हे लक्षात घ्या. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो म्हणाला. आपल्या भाषेत पुनर्वसन किंवा मोबदला. नाबोथ म्हणाला, हे वाडवडिलांचे वतन आहे, देणार नाही. राजा घरी जाऊन तोंड फिरवून बिछान्यावर पडला, जेवेना. का? कारण नाही म्हटल्यावर आपल्याला घेता येत नाही, हे त्याला माहीत होते. राणी ईजबेल परदेशची, तिला हे हसण्यासारखे वाटले. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का मारला, गावचे वडीलधारे बसवले, दोन साक्षीदार उभे केले. साक्ष खोटी, बाकी सगळे रीतसर. नाबोथाला दगडमार झाली आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. एलीया संदेष्टा त्याला गाठतो तो त्या मळ्यातच.

आपल्याकडे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. उरले कलम 300अ, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. पण शिक्का तर ईजबेलीकडेही होता.

आणि तुमचा सातबारा काढून बघा. त्यावर मालक लिहिलेले नसते, भोगवटादार असते. वर्ग 2 असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकताही येत नाही. मला गंमत वाटते ती ही, की लेवीय पुस्तकाच्या हिशेबाने सगळे इस्राएल लोक वर्ग 2 चे! जमीन देवाची, तुम्ही तिथे उपरे. कायमची विकायची नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराण्याकडे परत. फरक एवढाच, की तिथे मूळ मालक राजा नव्हता. राजाही भोगवटादारच.

याचा अर्थ सरकारने जमिनीला कधीच हात लावू नये असा मी घेत नाही. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळे मालक झाली, तेव्हा खूप जमीनदार रडले. माझ्या मते ते काम त्या पन्नासाव्या वर्षाच्या जवळचे होते. ज्याच्याकडे जास्त होते त्याच्याकडून घेऊन कसणाऱ्याला दिले. अहाबाचे उलटे. मळ्यांची वाण नसलेल्याने एकाच मळ्यावर डोळा ठेवला. रस्ता करणारे सरकार यातले कोणते, हे प्रत्येक गटाचा कागद बघूनच ठरवावे लागेल. रस्ते आम्हालाही लागतात. गारगोटीहून कोल्हापूरला एसटीने जाणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा भाचेबुवा, हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, मोर्चात जावे, दगड हातात घेऊ नये. खोटी साक्ष तर कोणत्याच बाजूने नको. ज्याला मोबदला घेऊन जमीन द्यायची आहे, त्याला देऊ द्यावी, गावाने त्याला वाळीत टाकू नये. मात्र सही करण्यापूर्वी त्याने घरच्या बायकांना, बहिणींना विचारावे. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसले तरी.