निरोप पोचेपर्यंत

शाळेची कोणतीही सूचना लिहायला बसले की मी तिची शेवटची ओळ आधी ठरवते. 'यासाठी पैसे लागणार नाहीत.' लागणार असतील तर किती, कधीपर्यंत, आणि एकदम जमले नाहीत तर काय करायचं, तेही तिथेच लिहिते. हे मला आमच्या पालकांनी शिकवलं. सूचनेत पैशांचं नाव नसलं की ते धरून चालतात, 'लागत असतील, ऐन वेळी सांगतील.' मग ज्या घरात त्या आठवड्यात हाताशी काही नसतं, त्या घरचं लेकरू कार्यक्रमाच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहतं. बालआनंद मेळावा असो, वनभोजन असो की क्षेत्रभेट, हजेरीपत्रकात त्या दिवशीच्या गैरहजेऱ्या बघितल्या की आपली सूचना कोणत्या घरापाशी अडली ते कळतं.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. दसरा झाला की इथलं अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याला जातं, कुणी कर्नाटकात. परत येतात ते पाडव्याच्या पुढेमागे. काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. म्हणजे माझ्या नोंदवहीत ज्याचं नाव 'पालक' म्हणून आहे तो दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात, आणि दार उघडणारी आजी. घरातला फोन बापाच्या खिशात, आणि आजीला अक्षर येत नाही. या घरी सूचना कशी पोचवायची, हा माझ्या नोकरीतला रोजचा प्रश्न आहे, आणि मी त्याला गणित-भाषेइतकंच महत्त्व देते.

म्हणून प्रत्येक सूचना मी दोन रूपांत तयार करते. एक आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, एका मिनिटाच्या आतला. तो संध्याकाळीच पाठवायचा. ऊसतोडीची माणसं पहाटे अंधारात फडात उतरतात, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत त्यांना मान वर करायला सवड नसते. कोपीवर परतून चूल पेटली की मग फोन बघितला जातो. दुपारी पाठवलेला निरोप तोवर नातेवाइकांच्या फोटोंखाली आणि सुविचारांखाली गाडला गेलेला असतो. आमच्या पालकगटावर म्हणूनच फक्त शिक्षकांना लिहिता येतं; पालकांनी काय ते मला थेट सांगायचं. कुणाचे गुण, कुणाची तक्रार, कुणाचं आजारपण त्या गटावर कधीच टाकायचं नाही. सगळ्यांचं ते गटावर, एकट्याचं ते एकट्यापाशी.

दुसरं रूप आहे मुलाच्या तोंडचं. पहिली-दुसरीच्या मुलाच्या हाती चिठ्ठी दिली तर ती दप्तराच्या तळाशी जाऊन बसते. त्यामुळे शाळा सुटण्याआधीची पाच मिनिटं मी निरोपासाठी राखून ठेवते. फळ्यावर लिहिते, मग विचारते, "उद्या काय आहे?" "मेळावा!" "काय आणायचं?" "ताट आन् वाटी!" "पैसे?" "न्हाईत!" हे शेवटचं उत्तर सगळ्यात मोठ्याने येतं. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाला की मी दोन गोष्टी विचारते: घरी कुणाला सांगितलंस, आणि ते काय म्हणाले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. 'आजी म्हणली, बघू' याचा अर्थ घरात काहीतरी अडचण आहे. 'मायनं ताट काढून ठेवलंय' याचा अर्थ निरोप पोचला. मूल काहीच सांगू शकलं नाही, तर संध्याकाळी त्या घरावरून जायचं.

लेखी सूचनेची भाषा हा तर वेगळाच अभ्यास आहे. वरून पत्र येतं ते असं: 'उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधित पालकांना कळविण्यात येते की, वाढत्या तापमानाच्या पार्श्वभूमीवर शालेय वेळेत अंशतः बदल करण्यात येत असून...' कार्यालयाला ही भाषा लागते, कारण तिथे प्रत्येक वाक्याची जबाबदारी ठरलेली असते. पण ते पत्र जसंच्या तसं पालकांच्या गटावर ढकललं, तर शिक्षकाचं काम अर्धंच झालं. मी त्याच पत्राचं असं करते: 'बुधवारपासून सकाळची शाळा. साडेसातला भरेल, साडेअकराला सुटेल. खिचडी शाळेत मिळेल, डबा नको. पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी किंवा रुमाल द्या. पैसे लागणार नाहीत.' वार आधी, तारीख नंतर. आमच्या घरांत आठवडा वारावर चालतो: बाजाराचा वार, उपासाचा वार, हप्त्याचा वार. 'दहा तारखेला' म्हटलं तर कॅलेंडर शोधावं लागतं, 'बाजारच्या दुसऱ्या दिवशी' म्हटलं तर आजीच्या लगेच लक्षात येतं.

कार्यक्रमाची सूचना एका दिवसाची असते. नियम वर्षभर पाळायचा असतो, म्हणून त्याच्यासोबत त्याचं कारण जायलाच हवं. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती. 'डोळे आलेल्या मुलांना शाळेत पाठवू नये' एवढं लिहिलं असतं तर पालकांना वाटलं असतं, शाळा लेकराला नाकारतेय. आम्ही सांगितलं, 'हा आजार हाताला, रुमालाला, टॉवेलला लागून पसरतो. चार-पाच दिवस घरी ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, दवाखान्यात दाखवा. बुडलेला अभ्यास आम्ही करून घेऊ.' शेवटच्या वाक्याने आयांचा जीव खाली पडला. कांजिण्यांचंही तेच. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होऊ शकते, हे एकदा नीट समजलं की आई स्वतःच मुलाला घरी थांबवते आणि शेजारणीलाही सांगते.

आमचा आणखी एक नियम आहे: पहिली-दुसरीचं मूल मधल्या वेळेत घरी न्यायचं असेल, तर जूनमध्ये पालकांनी ज्यांची नावं दिली त्यांच्याच हाती देणार. एकदा एका मुलीला न्यायला तिचा लांबचा मामा आला. घरी पाहुणे आलेत म्हणाला. यादीत त्याचं नाव नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलीच्या आईला फोन लावला. ती फडात होती, फोन उचलायला वेळ लागला. तोवर मामाचा आवाज चढला होता, "मी काय परका हाय का?" आईने फोनवर त्यालाच सांगितलं, "दादा, बाईंवर चिडू नको, आम्हीच सभेत ठरवलंय ते." मग ती मला 'द्या' म्हणाली आणि मुलगी गेली. माझ्या दृष्टीने त्या दुपारी नियम खरा ठरला तो तिच्या त्या वाक्याने. शाळेचा नियम शाळेबाहेरच्या माणसाने, तोही कारणासह, दुसऱ्याला समजावला. नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे हीच कसोटी असते: हा नियम आई दुसऱ्याला सांगू शकेल का?

हे जमायला सभा नीट व्हावी लागते. शिक्षणहक्क कायदा २००९चा. त्यातल्या तरतुदीप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कागदावर ही समिती प्रत्येक गावात आहे. ती जिवंत ठेवायची तर माणसांच्या वेळेचा मान ठेवावा लागतो. कापसाची वेचणी चालू असताना सकाळी अकराला सभा बोलावणं म्हणजे त्या बाईचा रोज बुडवणं. आमच्याकडे अमावस्येला औत जुंपत नाहीत. आम्ही सभा त्या दिवशी ठेवतो, नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीनंतर. बाजाराच्या दिवशी कधीच नाही. जूनच्या पहिल्या सभेत वर्षाचे नियम वाचून दाखवतो आणि प्रत्येकापाशी थांबतो. कारखान्याला जाणाऱ्यांसाठी दसऱ्याच्या आधी आणखी एक सभा होते. तिथे फक्त तीन गोष्टी असतात: मूल कुणापाशी राहणार, फोन कुणाचा लावायचा, आणि मूल बरोबर नेणार असाल तर तिथल्या जवळच्या शाळेत बसवायला कोणता कागद सोबत न्यायचा.

या सभांतूनच निरोप उलट दिशेनेही येतो. स्वच्छ गणवेशाचा नियम सगळीकडे असतो, आमच्याकडेही आहे. श्रावणातल्या एका सभेत एक आई उठून म्हणाली, "बाई, दोन जोड हायत, पण आठ दिस ऊनच न्हाई. लेकरू वलं कापड घालून येतंय, तुम्ही रागवताल म्हणून." त्या दिवसापासून आमच्या नियमात एक ओळ वाढली: 'गणवेश ओला असेल तर घरचे कोरडे कपडे चालतील.' एवढ्या एका ओळीने त्या पावसाळ्यात किती सर्दी-खोकले वाचले ते कुणी मोजलं नाही, पण पावसाच्या दिवसांतली हजेरी मी बघितली आहे. पालक बोलले की नियम घराच्या मापाचा होतो, आणि मग तो पाळलाही जातो.

काही गोष्टी तर सांगण्यापेक्षा दाखवाव्यात. पोषण आहाराच्या खिचडीबद्दल गावात सतत काहीबाही चालू असतं: तांदूळ जुनाट, डाळ पातळ. त्यावर खुलाशाची सूचना काढून उपयोग होत नाही. आम्ही पाळीपाळीने आयांना बोलावतो. त्या कोठीत डोकावतात, तांदूळ तळहातावर घेऊन बघतात, मुलांआधी खिचडीची चव घेतात आणि चव नोंदवहीत अभिप्राय देतात. सही येत नसेल तर अंगठा. 'आज मीठ कमी' असाही अभिप्राय आमच्या वहीत आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. ती आई संध्याकाळी नळावर जे बोलते, तेवढं पटणारं मी कितीही लिहिलं तरी लिहू शकणार नाही.

ही सगळी रोजची, बारीक कामं. त्यांची किंमत कळते ती कठीण दिवशी. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लस, आधी घेतली असली तरी पुन्हा. 'आधी घेतलीय, तर आता कशाला?' हा पालकांचा प्रश्न रास्त होता. त्यात फोनवरून भलभलते संदेश फिरत होते, कुठल्याशा मुलाचा फोटो आणि खाली धमकावणारा मजकूर. आम्ही त्या संदेशांशी भांडलो नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताईंना सभेला बसवलं आणि तीन गोष्टी सांगितल्या: लस कशासाठी, टोचल्यावर काय होऊ शकतं, आणि तसं झालं तर कुणाला, कुठे गाठायचं. थोडा ताप येईल, हात दुखेल, हे लपवलं नाही. जंताची गोळी देतानाही हाच क्रम असतो. पोटात जंत जास्त असले तर गोळीने मळमळेल, पोट थोडं दुखेल. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देणार नाही, बरं झाल्यावर देऊ.

लसीकरणाच्या दिवशी एक आजोबा नातवाचा हात धरून सगळ्यात आधी आले. मी विचारलं, "बाबा, भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "तुम्ही पैशे न्हाई म्हणता तवा पैशे लागत न्हाईत. साडेआकराला सुटंल म्हणता तवा साडेआकराला सुटती. मंग ह्येच कशाला खोटं सांगताल?"

मला सांगायचं आहे ते आजोबांनी सांगितलं. पालकांचा विश्वास मोठ्या भाषणाने मिळत नाही. सहलीची वेळ, डब्याची सूचना, सुट्टीचा वार असल्या किरकोळ गोष्टी जशा सांगितल्या तशा घडल्या की तो साचत जातो. वेळेत बदल झाला तर आदल्या दिवशी कळवणं, कार्यक्रम रद्द झाला तर का ते सांगणं, आणि 'अजून ठरलं नाही, शुक्रवारी सांगतो' म्हटलं तर शुक्रवारी खरंच सांगणं, हे सगळं त्यातच आलं. आपलं मूल दिवसाचे पाच-सहा तास ज्या छपराखाली असतं तिथे काय चाललंय हे कळणं पालकाचा हक्क आहे, मग तो डॉक्टर असो की ऊसतोड्या. ज्याला अक्षर येत नाही त्याचा हक्क कणभरही कमी होत नाही. आपली मेहनत तेवढी वाढते.

आमच्या केंद्रात नवीन शिक्षक रुजू झाले की मी त्यांना एक काम आवर्जून सुचवते. वर्गातल्या मुलांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना आखा: 'या घरात निरोप कोण ऐकतं?' कुणापुढे आजी येईल, कुणापुढे सातवीतली थोरली बहीण, कुणापुढे चुलती, कुणापुढे शेजारचा किराणा दुकानदार. हा रकाना शिक्षकांच्या खोलीत बसून भरता येत नाही. त्यासाठी वस्तीवर, तांड्यावर, शेतात जावं लागतं. सगळा रकाना भरला की पहिली सूचना लिहायला घ्या. ती कुणासाठी लिहायची आहे, ते तोवर तुम्हाला ठाऊक झालेलं असेल.