शिर्डी ते नागपूर : उन्हाळ्यातला रस्ता आणि गाडीची चाके

अहिल्यानगरहून नागपूरला गाडीने जायचे, तर पूर्वी आमच्या घरी वाटेत एक मुक्काम ठरलेला असे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि थोरल्या बंधूंचे घर एकाएकी जवळ आले. गेल्या मे महिन्यात सौ., मी आणि आमची दहा वर्षांची नात असे तिघे निघालो. शिदोरी, पाण्याचे कॅन, वहिनींसाठी घेतलेली भेट अशा खटाटोपात साडेदहा वाजले. शिर्डीजवळ महामार्गाला लागलो तेव्हा घड्याळात साडेबारा झाले होते.

बंधूंच्या घरी चौविहार पाळला जातो. वहिनींनी फोनवर सांगितले होते, "दिवस असताना या भावजी, आपण सगळे एकत्रच जेवू." मे महिन्यात नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. मी मनात गणित मांडले आणि वेगाचा काटा ११० ते ११५ वर धरून ठेवला. या मार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे, त्यामुळे आपण नियमात आहोत असे समाधानही होते.

हा रस्ता पाहण्यासारखा आहे, पण मे महिन्यात तो कोणाची कीव करत नाही. जालन्यापर्यंत दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी राने आहेत. पुढे जिजाऊंचे सिंदखेडराजा आणि बुलढाण्याच्या उघड्या टेकड्या येतात. मेहकरपासून काही अंतरावर लोणारचे सरोवर आहे, ते पाहायचे असे नातीला कबूल केले होते आणि वेळेअभावी मीच ते रद्द केले. रस्त्याकडेची झाडे अजून लहान असल्याने सावली म्हणून कोठे नाही. काँक्रीट तापून वर झळा उठत असतात आणि त्याच काँक्रीटवर आपली चाके तासनतास फिरत असतात.

मेहकर मागे पडले आणि धान्याची गोणी उंचावरून आपटावी तसा आवाज झाला. गाडी डावीकडे ओढू लागली. माझा पाय ब्रेककडे गेला नाही याचे श्रेय एका जुन्या माणसाला आहे. तालुक्याच्या शाखेत असताना बँकेच्या जीपचे चालक सांगत, "साहेब, टायर फुटला तर ब्रेक विसरायचा, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचे आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचे." तीस वर्षांनी ते वाक्य कामाला आले. गाडी कडेला थांबली. मागच्या आसनावर झोपलेली नात जागी होऊन विचारू लागली, "आलं का नागपूर?"

मागचा डावा टायर फाटला होता. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नावापुरती होती. रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उन्हात दीड तास उभे राहिलो. गस्तीच्या गाडीतील तरुणांनी हवा भरून चाक बदलून दिले. नागपूरला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. वहिनी आमच्यासाठी जेवायच्या थांबल्या होत्या आणि थांबता थांबता सूर्य मावळला. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाईंनी आम्हाला हसतमुखाने पाणी दिले आणि स्वतः दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत घोटभरही घेतले नाही. त्या उन्हाळ्याच्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी टायरवाल्याने उरलेल्या तीन टायरांवरून अंगठा फिरवला आणि बगलेवरच्या बारीक भेगा दाखवल्या. मी म्हणालो, "अहो, खाचा तर भरपूर आहेत. गाडी जेमतेम एकतीस हजार किलोमीटर चालली आहे." त्याने टायरच्या कडेचे चार आकडे वाचायला लावले : ३८१५. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१५ सालचा अडतिसावा आठवडा. रबर वापराने झिजते तसे नुसते उभे राहूनही वाळते. कर्जासाठी तारण ठेवलेल्या मालाची तपासणी करताना मी दर्शनी गोण्या कधी मोजत नसे, मागच्या ओळीतील उघडून पाहत असे. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र दर्शनी खाचांवर विसंबलो होतो.

त्याने आणखी एक गोष्ट समजावली. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. मीही निघताना ३३ ऐवजी २८ पाउंड भरली होती. वास्तविक कमी हवेमुळे टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, त्या दबण्यानेच उष्णता वाढते आणि जुने रबर तेथेच हार मानते. किती हवा हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. ती सकाळी, चाके थंड असताना मोजायची. धावल्यानंतर आकडा चार-पाच पाउंडांनी चढलेला दिसेल, तो पाहून हवा सोडायची नाही. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, तेथवर झीज पोचली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्यानेही त्यापुढे तो टायर चालत नाही. एकाच कडेची झीज दिसली तर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे. माझ्याकडे हे तपासायला पाच मिनिटे नव्हती असे नाही. शिदोरीच्या डब्यांवर मी त्याहून जास्त वेळ घालवला होता.

चारही टायर बदलले. स्टेपनीही बदला असे टायरवाल्याने सांगितले, तेव्हा माझ्यातला हिशेबनीस पुन्हा कुरकुरला, पण सौ.नी एका नजरेत तो विषय संपवला.

यंदा मे महिन्यात पुन्हा निघालो, या वेळी पहाटे चार वाजता. आदल्या दिवशी सकाळी पाचही चाकांची हवा मोजली होती. शिर्डीच्या पुढे उजाडले, नवकारसी झाल्यावर डबा उघडला आणि काटा ९० च्या वर जाऊ दिला नाही. लोणार नातीला दाखवले. कारंज्याच्या आसपास वन्यप्राण्यांसाठी रस्त्यावरून बांधलेला पूल दिसला, तेव्हा काळवीट दिसेल म्हणून ती काचेला नाक लावून बसली. ते दिसले नाही. उन्हाच्या भरात एका थांब्यावर तास-दीड तास विसावा घेतला.

नागपूरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वहिनी दारातच म्हणाल्या, "इतक्या लवकर? अजून कणीकसुद्धा मळली नाही."