आर

सकाळी उशिरापर्यंत लोळत पडलो की वडील ओरडायचे, "आरासारखा पडलायस काय रे?" आमच्या कोकणात अजगराला आर म्हणतात. आर म्हणजे आळशी, हे आमच्या डोक्यात तेव्हाच बसलं.

दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात काजूच्या बागेत, साळिंदराच्या जुन्या बिळात आर दिसला. वेटोळं करून बसलेला. आम्ही पाच-सहा पोरांनी काठ्यांनी टोचलं. फुसकारला, पण जागचा हलेना. "काय सुस्त आहे बघा!" म्हणत आम्ही तो ठेचला. बाहेर ओढला तर खाली अंडी. बदकाच्या अंड्यांहून मोठी, एकमेकांना चिकटलेली. मादी होती ती. वडील आले, बघितलं आणि काही न बोलता घरी गेले. त्यानंतर ते बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

पुढे कळलं, मादी दोनेक महिने अंड्यांना वेढा घालून बसते. या दिवसांत बहुधा खात नाही. गारवा पडला तर अंग थरथरवून अंड्यांना ऊब देते. पळाली असती तर वाचली असती.

शिकारही एकदाच बघितली. भाताच्या राखणीला गेलो होतो. वहाळाच्या कडेला पाचोळ्यात आर पडलेला. अंगावरची नक्षी अशी की आधी मला दिसलाच नाही. तो भक्ष्यामागं धावत नाही, वाटेवर दबा धरून बसतो. ओठांवरच्या खळग्यांना अंधारातही जनावराच्या अंगाची ऊब कळते. रानडुकराचं पिल्लू जवळ आलं आणि पापणी लवायच्या आत त्यानं धरलं, वेढे घातले. आर हाडं मोडतो असं आम्ही समजायचो. तसं नाही. तो इतका आवळतो की रक्ताचं फिरणंच थांबतं. मग डोक्याकडून सावकाश गिळलं, म्हणजे पाय आपोआप मागं दुमडतात. असं पोट भरलं की कित्येक दिवस तो हलत नाही. त्याला त्या वेळी डिवचलं तर खाल्लेलं ओकून टाकतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आराला मारणं गुन्हा आहे. पण मी कायद्याच्या भीतीनं थांबलेलो नाही. मागल्या पावसाळ्यात त्यानं माझी कोंबडी नेली. गडी कुदळ घेऊन धावला. मी म्हटलं, "राहू दे रे. उंदीर, डुकरं तोच आवरतो. आणि माझ्याकडे त्याचं जुनं देणं आहे."