शहराची हद्द जिथे संपते, तिथून सुरू होणारा अभ्यास

दिल्ली पाहायला गेलेली मंडळी राजघाटावर फुले वाहतात, फिरोजशहा कोटल्याचे भग्नावशेष पाहतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. या दोन्ही ठिकाणांना लागूनच इंद्रप्रस्थ इस्टेट हा सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. एका अंगाला रिंग रोड आणि त्यापलीकडे यमुना, तर दुसऱ्या अंगाला आयटीओ चौकातील वाहनांची न संपणारी रांग. पर्यटकाने थांबावे असे इथे वरकरणी काहीच नाही. पण देशातील शहरे आणि प्रदेश कसे वाढावेत याचे शिक्षण ज्या संस्थेत दिले जाते, ती 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर' इथेच आहे.

मुलगी डॉक्टर होणार, मुलगा इंजिनिअर होणार, हे घरात सर्वांना कळते. पण 'प्रादेशिक नियोजनात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे' असे मुलीने सांगितले, तर आईवडील बुचकळ्यात पडतात. हे शिकून नेमके करायचे काय?

काविळीने शिकवलेला धडा

उत्तर दिल्लीच्या इतिहासातच सापडते. १९५५ च्या अखेरीस या शहरात काविळीची भयंकर साथ आली. यमुनेचा प्रवाह सरकला होता आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजीराबाद येथे पिण्याचे पाणी उपसले जाते तिथपर्यंत पोचले होते. नळाने ते घरोघरी गेले. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी फुगलेले शहर आता असेच वाढू देऊन चालणार नाही, हे त्या साथीने दाखवून दिले.

त्याच १९५५ साली केंद्र सरकारने 'स्कूल ऑफ टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग' स्थापन केले. १९५९ मध्ये दिल्ली पॉलिटेक्निकचा वास्तुकला विभाग त्यात मिसळला आणि आजची संस्था आकाराला आली. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला.

दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा १९६२ चा. गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव, बहादुरगड अशा भोवतालच्या गावांचा विचार त्यातच झाला होता. रोजगार आणि वस्ती तिकडे वळली तरच राजधानीला श्वास घेता येईल, हे नियोजनकारांनी तेव्हाच ओळखले होते. १९८५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा कायदा झाला. आज हे क्षेत्र सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरचे आहे. संपूर्ण दिल्ली आणि हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थानातील अनेक जिल्हे त्यात येतात.

दोन वर्षांत काय शिकतात

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. नियोजन, वास्तुकला किंवा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना तो खुला आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या विषयांत एम. ए. झालेल्यांनाही इथे वाट आहे. प्रवेशासाठी 'गेट' परीक्षेतील गुण महत्त्वाचे ठरतात.

वर्गातील व्याख्यानांपेक्षा इथे 'स्टुडिओ'ला अधिक मान आहे. विद्यार्थ्यांचा गट एखादा प्रदेश अभ्यासासाठी घेतो आणि तिथे जाऊन राहतो. जनगणनेचे आकडे, जमिनीच्या नोंदी, पाण्याची पातळी हे सारे गोळा होतेच. शिवाय उंबऱ्याउंबऱ्यावर जाऊन विचारायचे असते: आजारी माणसाला कुठे नेता? धान्य कोणत्या बाजारात विकता? मुलगी दहावीनंतर कोणत्या गावी शिकायला जाते आणि परतीची बस किती वाजता आहे?

जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये गावे, बाजारगावे आणि शहरे यांची रचना षटकोनांच्या जाळ्यातून समजावून सांगितली. तो सिद्धान्त विद्यार्थी शिकतात. पण कागदावर ५ किलोमीटरवर असलेला दवाखाना पावसाळ्यात ओढ्यापलीकडे जातो, हे मात्र गावातच कळते. 'आधी पाहणी, मग योजना' हा आग्रह धरणारे पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले होते. त्यांचा तो आग्रह या शाखेचा आजही पाया आहे.

रंगांमागची माणसे

आराखड्याच्या नकाशात पिवळा रंग म्हणजे वस्ती, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे शेती. पाहणाऱ्याला ते फक्त रंग वाटतात. पण ज्याच्या सातबाऱ्यावर तो रंग पडतो, त्याचे आयुष्य बदलते. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यामुळे हे गावोगावच्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. रस्त्याच्या अलीकडची जमीन सोन्याच्या भावाने जाते आणि पलीकडच्या शेतावर आरक्षण पडले की मालक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. म्हणूनच नियोजनकाराच्या हातात पेन्सिलीइतकीच सद्सद्विवेकबुद्धीही लागते.

मर्यादाही आहेत. नियोजनकार सल्ला देतो, निर्णय लोकनियुक्त सरकारे घेतात. एका आराखड्यावर तीन-चार राज्यांचे एकमत व्हायला वर्षे जातात. दिल्लीला शेजारच्या शहरांशी जोडणाऱ्या 'नमो भारत' या वेगवान रेल्वेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. राजधानी क्षेत्राचा कायदा होऊन तोपर्यंत ३८ वर्षे उलटली होती.

आणि उशिराची किंमत किती मोठी असते, हे त्याच वर्षीच्या जुलैत दिसले. यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ च्या महापुराचा विक्रम मोडला आणि आयटीओ, रिंग रोड, राजघाटाचा परिसर पाण्याखाली गेला. हे पाणी वरून, हरियाणातील हथनीकुंड बंधाऱ्यावरून आलेले. दिल्लीतल्या आयटीओ बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने अडकून बसले आणि त्याची देखभाल तेव्हा हरियाणाकडे होती. दोन सरकारे एकमेकांकडे बोट दाखवीत राहिली. नदीला मात्र राज्यांच्या सीमा ठाऊक नव्हत्या.

पदवीनंतर

ही पदवी घेतलेल्यांना राज्यांच्या नगररचना खात्यांत, विकास प्राधिकरणांत, मुंबईच्या एमएमआरडीए किंवा सिडकोसारख्या संस्थांत, खासगी सल्लागार कंपन्यांत आणि संशोधनात काम मिळू शकते. संगणक क्षेत्राचा झगमगाट इथे नाही. पण एखाद्या तालुक्यातील लोकांना शिक्षणासाठी, उपचारासाठी आणि कामासाठी गाव सोडावे लागू नये, अशी रचना उभी करण्यात वाटा उचलण्याचे समाधान आहे.

त्यासाठी दिल्लीलाच जायला हवे असेही नाही. नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण अहमदाबादचे 'सेप्ट' विद्यापीठ, खरगपूरची आयआयटी, भोपाळ आणि विजयवाडा येथील नियोजन संस्था आणि पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय येथेही मिळते.

तरीही दिल्लीला जाणे झालेच आणि सोबत कॉलेजात शिकणारी मुले असतील, तर एक तास राखून ठेवावा. आयटीओ मेट्रो स्थानकावर उतरून विकास मार्गाने यमुनेच्या पुलापर्यंत चालत जावे. खाली काळवंडलेले पाणी, पैलतीरावर दाटीवाटीची घरे आणि पुलावरून कामाला निघालेली हजारो माणसे दिसतील. यातले कोण आज कुठून आले असेल आणि नळाला येणारे पाणी कुठून येत असेल, एवढे दोन प्रश्न मुलांना विचारावेत. उत्तरे शोधायची उत्सुकता ज्याच्या डोळ्यांत दिसेल, त्याला या शाखेची माहिती द्यायला हरकत नाही.