खडूची पूड

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खरेदीसाठी म्हणून मी आयुष्यात एकदाच गेलो. १९८४ सालचा मे महिना होता. वडिलांच्या टॅक्सीचा ब्लॉक फुटला होता. नवा घेण्याची ऐपत नव्हती, आणि जुना घ्यायचा तर तो पारखणारा माणूस बरोबर हवा म्हणून मिस्त्री आले होते. मी कशासाठी आलो होतो, हे त्या दोघांपैकी कुणीच विचारले नाही.

टॅक्सी फियाट होती. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण मुंबईने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर ती टॅक्सी म्हणून या शहराच्या रस्त्यावर दिसत नाही. तिचा कारखाना कुर्ल्यातच होता. ज्या कुर्ल्यात ती जन्माला येई, त्याच कुर्ल्यात तिचे अवयव पुन्हा विकायला मांडलेले असत, याची मला तेव्हाही गंमत वाटली होती. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा. बिडाचे एकच ओतकाम. त्यात ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, त्यांच्याभोवती पाणी खेळवणारी पोकळी आणि खाली क्रँकची जागा. पिस्टन बदलता येतात, हेड बदलता येते, कार्ब्युरेटर तर येता-जाता बदलतात. ब्लॉक बदलला की मात्र इंजिनच दुसरे झाले, कारण क्रमांक त्याच्यावर ठोकलेला असतो.

तो फुटला कसा, हे सांगणे आले. एप्रिलमध्ये पनवेलहून परतताना वाशीच्या खाडीपुलाच्या अलीकडे रेडिएटरचा होज गेला. काटा टोकाला लागला होता. वडिलांनी गाडी कडेला घेतली, नवा होज शोधायला ते पायी निघाले आणि जाताना म्हणाले, ‘‘इंजिनला हात लावू नकोस. तासभर निवू दे.’’ मला संध्याकाळी कॉलेजच्या नाटकाची तालीम होती. अर्ध्या तासाने मी फडक्याने झाकण फिरवले, फाटक्या होजला चिंधी आवळली आणि शेजारच्या चहावाल्याच्या पिंपातले गार पाणी बादलीने आत ओतले. आतून एक आवाज आला. फार मोठा नव्हता. काचेच्या पेल्यात बर्फ टाकल्यावर येतो तसा. वडील परत आले तेव्हा चिंधीतून पाणी ठिबकत होते. त्यांनी चिंधीकडे पाहिले, बादलीकडे पाहिले आणि होज बसवायला घेतला.

पुढे आठवडाभरात सायलेन्सरमधून पांढरी वाफ येऊ लागली. मिस्त्रींनी हेड उतरवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भिंतीवर तडा होता. मिस्त्री चिपळूणकडचे, मितभाषी गृहस्थ. तड्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, ‘‘भाऊ, गरम इंजिनात गार पाणी कुणी ओतलं?’’

‘‘मीच,’’ वडील म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. वीस वर्षे टॅक्सी चालवणारा माणूस असे करीत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. ‘‘कुणी ओतलं ते बीड सांगत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘ओतलं एवढंच सांगतं.’’ मी स्टेपनीवर बसून होतो. गप्पच राहिलो. त्याच आठवड्यात आईच्या हातातली पाटली सराफाकडे गेली.

बाजारात पहिल्याच गाळ्यात आम्हाला एक देखणा ब्लॉक दाखवण्यात आला. चंदेरी रंग दिलेला, तेलाने पुसलेला. वडिलांना तो आवडला, मलाही आवडला. मिस्त्री म्हणाले, ‘‘जुन्या बिडाला नवा रंग कशाला?’’ त्यांनी आधी क्रमांक पाहिला. तो कानशीने घासलेला असता तर पुढे काही पाहायचेच नव्हते. असला माल चोरीचा असण्याचीच शक्यता अधिक. क्रमांक धड होता. मग मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप जागच्या जागी आणि जुळणाऱ्या खुणांच्या आहेत ना, हे त्यांनी पाहिले. या कॅप ब्लॉकवर बसवूनच आतले भोक कोरतात. त्यामुळे एका ब्लॉकची कॅप दुसऱ्याला चालत नाही, आणि एक हरवली तरी बाकीचे बीड जवळजवळ भंगारात जमा.

नंतर त्यांनी मला पुढे बोलावले. ‘‘पोरा, वरून आत नख लाव.’’ सिलिंडरच्या तोंडापासून बोटभर खाली नख अडखळले. पिस्टनची वरची रिंग तिथवरच पोहोचते. तिच्याखालची भिंत झिजते, वरची तशीच राहते आणि मध्ये एक कड उरते. कड किती, यावर इंजिन किती चालले ते ताडायचे. पण मिस्त्रींचा नखावर पुरता विश्वास नव्हता. त्यांनी खिशातून एक जुनी रिंग काढली, ती कडेच्या जरा खाली सरळ बसवली, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली. मग ती तळाशी ढकलली, जिथे झीज नसते, आणि पुन्हा मोजले. व्यास जेवढा वाढतो त्याच्या तिपटीहून किंचित अधिक ही फट वाढते. डोळ्याला न दिसणारी झीज अशी तिप्पट होऊन हाताशी येते. एका रिंगेत आणि दोन पोलादी पात्यांत सामावलेले हे गणित मी नंतर कितीतरी वर्षे मनाशी घोळवले आहे. शाळेत आम्हाला परीघ शिकवला होता, पण तो असा कुणाच्या कामी येताना पाहिला नव्हता.

झीज बेताची निघाली. मिस्त्रींनी ब्लॉक लाकडी ओंडक्यावर ठेवून हातोडीने हलके ठोकले. आई माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाही, तसेच. आवाज खणखणीत आला. गाळेवाला हसला. मिस्त्री मात्र म्हणाले, ‘‘मोठा तडा आवाजात लागतो. केसाएवढा नाही लागत.’’ त्यांनी रॉकेल मागवले, सिलिंडरांच्या मधल्या भिंतीवर फडक्याने चोळले, पाच-दहा मिनिटे मुरू दिले आणि कोरड्या चिंधीने स्वच्छ पुसून काढले. मग कागदाच्या पुडीतली खडूची पूड माझ्या हातावर ठेवली. ‘‘भुरभुर. फुंकू नकोस.’’

मी भुरभुरली. सगळे पांढरे झाले. आम्ही तिघे आणि गाळेवाला त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत उभे राहिलो. चहा आला, तो निवत राहिला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, अगदी आमच्या ब्लॉकला होता तिथेच, पुडीवर एक करडी ओली रेघ हळूहळू उमटू लागली. तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. मला घाम फुटला. पुढच्या क्षणी कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवील, असेच वाटत होते. गाळेवाला काहीबाही बोलू लागला. मिस्त्रींनी पुडी बांधली आणि आम्ही बाहेर पडलो.

तिसऱ्या की चौथ्या गाळ्यात, एका कोपऱ्यात, गंजलेला एक ब्लॉक आडवा पडला होता. रंग नाही, तेल नाही, आणि बाजूला पाण्याच्या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीला उघड्या डोळ्यांनी दिसणारा दोन इंच लांबीचा तडा. वडिलांनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नाही. मिस्त्री मात्र तिथेच बसले. क्रमांक, कॅप, रिंग, रॉकेल, खडू, सगळे पुन्हा झाले. वरच्या सपाटीवर पट्टी उभी धरून तिच्याखाली त्यांनी पाते सारून पाहिले. ते कुठेच शिरले नाही. स्टडच्या भोकांतले आटे बोटाने चाचपले. सिलिंडरांच्या मधली पांढरी पट्टी अखेरपर्यंत कोरडी राहिली.

‘‘हा घ्या,’’ ते म्हणाले.

‘‘फुटका?’’

‘‘हा पडलाय भाऊ, तापून फुटलेला नाही. ट्रकमधून उतरवताना आपटला असेल. ही बाहेरची भिंत. इथे आगीचा दाब येत नाही, नुसतं पाणी खेळतं. टाचून देतो.’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘याचं दुखणं कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे.’’

तडा दिसत होता म्हणून भाव पडला होता. पाटलीचे काही पैसे उरले. पाटली सोडवण्याइतके मात्र नाही. पावती, त्यावर क्रमांक, आणि हातगाडीवर घातलेला ब्लॉक. गाडीला मागून हात लावण्याचे काम मी न सांगता केले.

बीड टाचतात कसे, ते मी मिस्त्रींच्या गॅरेजात पाहिले. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोके पाडली, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तड्यावर ओळीने भोके पाडून, आटे पाडून, एकात एक घुसणारे स्क्रू बसवले आणि वरून ठोकून, घासून सपाट केले. जाळ कुठेच नाही. बिडाला अर्धवट उष्णता दिली तर ते शेजारी आणखी फुटते. काम संपल्यावर त्या जागी बारीक ठिपक्यांची एक माळ तेवढी दिसत होती.

त्यानंतर रोज पहाटे गाडी बाहेर काढण्यापूर्वी वडील बॉनेट उघडून त्या माळेवर तळवा टेकवीत. ‘‘कोरडं आहे,’’ असे स्वतःशीच म्हणत. खिडकीत चहा पिताना ते मला ऐकू येई. पुढे मी प्राध्यापक झालो, आईसाठी नवी पाटली केली. बोलायचे ते मात्र बोललो नाही, आणि त्यांनीही ती संधी कधी आणली नाही.

१९९७ साली त्यांनी टॅक्सी विकली. घेणारा तरुण मुलगा होता, उत्तर प्रदेशातून नुकताच आलेला. त्याने काही विचारण्याआधीच वडिलांनी बॉनेट उघडून ती माळ त्याला दाखवली, त्याचा हात धरून तिच्यावर टेकवला. ब्लॉक बदललेला आहे, हे पुस्तकात त्याने वाचले होते. पहिल्याचे काय झाले, असे त्याने विचारले.

मी शेजारीच उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. ‘‘गरम इंजिनात गार पाणी ओतलं होतं मी,’’ ते त्याला म्हणाले, ‘‘तू ओतू नकोस.’’