शर्यतीची तारीख हाड ठरवते

चि. भाच्यास,


नडगीच्या हाडाला गेलेली बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, हा अपघात नसतो. हाड एका फटक्यात मोडत नाही. तोच तो भार हजारो पावलांतून पडत राहिला आणि मधली विश्रांती अपुरी पडली, की ते हळूहळू खचते. हाड जिवंत असते. थकलेला भाग खरवडून काढणाऱ्या पेशी आणि तिथे नवे हाड भरणाऱ्या पेशी त्यात सतत राबत असतात. खरवडणे दोन-तीन आठवड्यांत उरकते. भरणीला मात्र महिने लागतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ऑक्टोबरात एकदम अंतर वाढवले, की ही तफावत अंगाशी येते. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने कमी खाणे, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे यांनी धोका आणखी वाढतो.

दुखणे कसे आहे ते नीट पाहावे. नडगीच्या आतल्या कडेचा वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर दुखणे ओसरत असेल, तर ते बहुधा शिन स्प्लिंट. एका बोटाने दाखवता येईल अशाच जागी कळ येत असेल, धावताना ती वाढत जात असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर चिरेचा संशय घ्यावा. सुरुवातीच्या आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून दुखणे अंगावर काढले, तर बारीक चिरेचे पुरे फ्रॅक्चर होऊ शकते. नडगीची पुढची कड आणि खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान या जागा विशेष जोखमीच्या. तिथला निर्णय अस्थिरोगतज्ज्ञाचाच.

आतल्या कडेच्या साध्या चिरेला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी बारा आठवडेही, धावणे बंद ठेवावे लागते. हा काळ वाया जात नाही. दुखत नसेल तर सायकल आणि पोहणे चालते. पोटरी, मांडी आणि कमरेच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम देता येतो. पोटरीचे स्नायू दमले की नडगीवरचा ताण वाढतो, म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम आधी दोन्ही पायांवर आणि पुढे एकेका पायावर करावा.

धावण्याकडे परतताना खरा धोका दम हाडाआधी सावरण्याचा असतो. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत सराव असलेल्या धावकाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरते. त्यातली बरीचशी घट रक्तातला द्रव कमी झाल्यामुळे असते, आणि सराव सुरू झाला की ती लवकर भरून येते. हाडाचे तसे नाही. पुन्हा धावू लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती जुना पेस मागू लागते, तेव्हा नडगीची भरणी अजून चालू असते. याच टप्प्यावर कित्येक धावक पुन्हा जायबंदी होतात. म्हणून वेग हाडाच्या बेताने ठरवावा, दमाच्या नव्हे.

पुन्हा धावू लागण्याची पहिली अट अशी, की अर्धा-पाऊण तास भरभर चालणे सलग काही दिवस न दुखता जमले पाहिजे. दुसरी, दुखऱ्या पायावर दहा-बारा उड्या मारून कळ येता कामा नये. मग दिवसाआड एक मिनिट धावणे, चार मिनिटे चालणे. धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत आणि चालण्याची कमी करावीत. आधी अंतर, मग वेग, सर्वांत शेवटी चढ-उतार. दर वेळी तीन वेळा तपासावे: धावताना, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली पावले टाकताना. तीनपैकी कधीही तीच जागा दुखली, तर थांबून मागच्या पायरीवर यावे. कळ पुन्हा येत राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. पावले किंचित आखूड आणि मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त टाकली, की दर पावलाचा मार हलका होतो.

पहिली शर्यत सपाट रस्त्यावरची दहा किलोमीटरची असावी. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन त्यासाठी नाही. तिथे यवतेश्वरच्या घाटात पहिला अर्धा भाग चढ असतो आणि थकलेल्या पायांनी तोच घाट उतरायचा असतो. उतारावर पाऊल सपाटीपेक्षा जोरात आपटते, शिवाय मांडीचे स्नायू सतत ब्रेक लावत राहतात. मुंबईत पेडर रोडचा चढही शेवटच्या टप्प्यातच येतो. या दोन्ही शर्यती दुसऱ्या हंगामासाठी ठेवाव्यात. आयुष्यभर धावायचे असेल, तर एक हंगाम हातचा गेला तरी चालेल.

शर्यतीच्या दिवशी मागच्या रांगेतून निघावे आणि घड्याळाकडे लक्ष देऊ नये. जुन्या टायमिंगशी तुलना करायची नाही. बोटाने दाखवता येईल अशी कळ आली, तर तिथेच बाहेर पडावे, मग अंतिम रेषा किलोमीटरभर का उरलेली असेना. दोन्ही मांड्यांत दोन-तीन दिवस राहणारा जडपणा स्नायूंचा असतो आणि आपोआप जातो. नडगी मात्र आठवडाभर रोज दाबून पाहावी. ती दुखली नाही, तरच पुढच्या शर्यतीसाठी नाव नोंदवावे.

तुझा,
मामा