बालाघाटच्याही वरचं गाव

हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तीन जणींनी मला विचारलं, "बालाघाट म्हणजे बीडकडचं का गं?" मराठवाड्यातले बालाघाटचे डोंगर सगळ्यांनी भूगोलात पाठ केलेले. माझं बालाघाट मध्य प्रदेशातलं, गोंदियाहून रेल्वेने तासाभरावर. 1956 पर्यंत नागपूर हीच आमचीही राजधानी होती. मग विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आजीशी पोवारी, आईशी मराठी आणि शाळेत हिंदी अशी आमच्या घरची खिचडी. तेव्हा या लेखात एखादा शब्द वेगळा वाटला तर संपादक मंडळाने तो दुरुस्त करू नये, एवढी विनंती.

बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. 1867 मध्ये जिल्हा झाला तो वरच्या पठाराच्या नावाने. शहर मात्र बसलंय खाली, वैनगंगेच्या खोऱ्यात. त्याचं जुनं नाव बुढा. खरं 'वर' म्हणजे बैहर तालुका. आणि त्या वरच्याही वर, कान्हाच्या जंगलाकडे, एक गाव आहे. लहानपणी त्या गावाचा मला फार राग यायचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. चाळीसेक घरं आहेत, नाव लिहिलं की माणसं ओळखू येतील.

माझी आई त्या गावच्या उपकेंद्रात एएनएम आहे. मी तीन वर्षांची असताना तिची नेमणूक तिथे झाली, आणि मला लांजीकडे आजीजवळ ठेवलं गेलं. बाबांची धानाची शेती तिथेच. आई पंधरा दिवसांनी यायची, कधी महिन्याने. आजीला तिची भारी काळजी. 1999 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी मंत्री लिखीराम कावरे यांना मारलं, ते आमच्याच भागात. तेव्हापासून 'जंगलातली ड्यूटी' म्हटलं की आजी हातातलं सूप खाली ठेवायची. मला नक्षल वगैरे काही कळत नव्हतं. मला एवढंच कळायचं की शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांच्या आया येतात आणि माझी आजी येते.

सातवीत मला मलेरिया झाला. चार दिवस ताप उतरेना. बाबांनी बैहरला निरोप धाडला, तिथून तो वर पोचायला आणखी एक दिवस. आई आली ती पाचव्या दिवशी, ताप उतरल्यावर. गावात एक बाळंतपण अडलं होतं आणि नाल्याला पूर होता. तिने कारण सांगितलं, मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढे कित्येक वर्षं भांडणात मी तोच दिवस काढायचे.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी पहिल्यांदा तिथे जाऊन राहिले. अकरा दिवस. प्रेमाने गेले असं म्हणणार नाही. बालाघाटला बदलीसाठी अर्ज करायची मुदत होती. तो अर्ज मीच टाइप करून नेला होता, आणि आईची सही घेऊनच परत यायचं असं बाबांनी आणि मी ठरवलं होतं.

बालाघाटहून बस निघते, गांगुलपाऱ्याचा तलाव मागे पडतो आणि घाट सुरू होतो. उकव्याला मँगनीजची खाण आहे, तिथपर्यंत ट्रकांची वर्दळ. बैहर सोडलं की सालाची झाडं दोन्हीकडून इतकी दाटतात की दुपारीच संध्याकाळ वाटते. शेवटी जीप, आणि जीप थांबते तिथून तासभर पायी. आई पुढे, खांद्यावर औषधांची पिशवी, एकदाही मागे न बघता चालते. तिची ही चाल मी घरी कधी पाहिली नव्हती. घरी ती पाय दुखतात म्हणून बसून असते.

गावात दोन टोले आहेत, एक गोंडांचा आणि एक बैगांचा. पाणी हातपंपाचं, तो बिघडला तर झिऱ्याचं. मोबाइलची रेंज फक्त एका खडकावर मिळते. त्या खडकाला पोरं 'टावर' म्हणतात आणि संध्याकाळी तिथे रांग लागते. सरकारी योजनेत रस्ता मंजूर झालाय म्हणे. 2023 च्या नोव्हेंबरात पीएम जनमन योजना आली, ती खास बैगांसारख्या अतिमागास जमातींसाठी. देशात अशा 75 जमाती आहेत, मध्य प्रदेशात तीन: बैगा, भारिया आणि सहरिया. मी होते तेव्हा नाल्याच्या काठी खडीचे दोन ढीग पडले होते. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळत होती.

थंडीचं मात्र सांगायलाच हवं. मध्य भारतात बर्फ असतो का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी हसले असते. पहिल्याच सकाळी दार उघडलं तर समोरचा पैरा पांढराफटक. हात लावला तर कुरकुर आवाज. 'पाला' पडला होता. कान्हाच्या त्या भागात खोलगट गवती मैदानं आहेत, रात्री थंड हवा तिथे तळ्यासारखी साचते आणि सालाची कोवळी रोपं करपतात. म्हणूनच चहूकडे साल आणि मध्ये नुसतं गवत, असं दिसतं. रात्री सगळं घर चुलीभोवती झोपतं. मधे ज्याला जाग येईल त्याने लाकूड पुढे सरकवायचं, हा नियम. उपकेंद्राच्या खोलीत चूल नव्हती. आई दोन स्वेटर आणि कानाला मफलर बांधून रजिस्टर भरत बसायची.

बाहेर दवाचं बर्फ झालेलं, आणि आई बर्फाचीच वाट बघतेय, हे मी लसीकरणाच्या दिवशी पाहिलं. लसी खालून डब्यात येतात, आइसपॅक लावून. पण पॅक अगदी कडक गोठलेले असले तर काही लसी गोठून वाया जातात. म्हणून पॅक आधी बाहेर ठेवायचा, हलवून आतलं पाणी खळखळलं की मगच डब्यात. डबा आला की आई आधी तो कानाशी धरून हलवते. एखादी बाई बाजारात नारळ हलवून बघते ना, तस्सं.

तिसऱ्या दिवशी बैगा टोल्यात गेलो. एका म्हाताऱ्या दाईने माझी हनुवटी धरून विचारलं, "तोर बेटी आय का, सिस्टर?" मग माझं कपाळ अंगठ्याने पुसून बघितलं. तिच्या कपाळावर गोदना होता, हातापायांवर, पाठीवरही. बैगा बाईच्या अंगावर गोदना नसेल तर ती कसली बैगा, असं त्यांच्यात मानतात. मेल्यावर बाकी सगळं इथेच राहतं, गोदना तेवढा सोबत येतो, असं ती म्हणाली. माझं कोरं कपाळ बघून तिला माझी खरीच कीव आली असावी. तिने मला कोदोची पेज दिली. (चव सांगू? पहिल्या दिवशी आवडली नाही. चौथ्या दिवशी मागून घेतली.)

तिचा म्हातारा जास्त बोलत नव्हता. नांगर भिंतीला टेकवलेला होता. मी काहीतरी विचारायचं म्हणून शेतीबद्दल विचारलं, तर त्याने नांगराकडे बघून मान फिरवली. नंतर मी कॉलेजच्या लायब्ररीत व्हेरिअर एल्विन यांचं 1939 चं बैगांवरचं पुस्तक काढलं, तेव्हा त्या मान फिरवण्याचा अर्थ लागला. बैगा पूर्वी नांगर धरतच नसत. धरती ही आई, तिची छाती फाळाने फाडायची नाही. ते बेवर करायचे: झाडं तोडायची, वाळवायची, जाळायची आणि राखेत बी टाकायचं. इंग्रजांच्या वनखात्याने ते बंद करत आणलं आणि 1890 मध्ये मंडल्याच्या बाजूला 'बैगाचक' म्हणून थोडा मुलूख तेवढा बेवरसाठी सोडला. तो भाग आज दिंडोरी जिल्ह्यात येतो. आमच्या या गावच्या म्हाताऱ्यांना तो चकही मिळाला नाही.

एका रात्री मी आईला विचारलं, इतक्या वर्षांत तुला सगळ्यात कठीण काय गेलं. मला वाटलं वाघ म्हणेल, पूर म्हणेल. ती म्हणाली, "नाही म्हणणं." 1979 मध्ये मध्य प्रदेश शासनाने एक आदेश काढला होता. बैगांसारख्या जमातींची संख्या घटू नये म्हणून त्यांच्या नसबंदीला मनाई. हेतू वाईट नव्हता. पण सहा बाळंतपणं झालेली, रक्त नसलेली बाई रात्री दाराशी येऊन म्हणते, दीदी, माझं ऑपरेशन करून दे. आणि आईने तिला सांगायचं, तू बैगा आहेस म्हणून नाही. "गोंड टोल्यातली बाई त्याच कॅम्पला जाऊन यायची गं. हिला काय सांगू?" ती गोळ्या द्यायची, समजावायची, पुन्हा पुन्हा त्या घरी जायची. म्हणूनच ती पंधरा दिवसांनी घरी येऊ शकत नव्हती, हे तिने सांगितलं नाही. मी आपलं जुळवलं.

आठव्या दिवशी एक पोरगा जळणाची मोळी घेऊन आला. नाक वाहत होतं, अंगात मोठ्या माणसाचं स्वेटर. आई म्हणाली, "हा तो." मला कळेना. "तुला ताप होता ना सातवीत. त्या रात्रीचा हा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ज्याच्यावर भांडले तो माझ्यासमोर उभा राहून बिस्किटाच्या पुड्याकडे बघत होता. मी पुडा दिला. त्याने दोन बिस्किटं खाल्ली आणि उरलेली स्वेटरच्या आत टाकली, घरी चार जण आहेत म्हणून. मग मला विचारलं, "तू टावरवर चलतस का?" त्याच्या मामाचा आंध्रातून फोन यायचा होता. तो तिकडे मजुरीला गेलाय. आम्ही दोघं खडकावर बसलो. फोन आला नाही. सूर्य गेला आणि लगेच थंडी वर आली, तर त्याने आपलं स्वेटर ओढून गुडघे आत घेतले आणि मला तसं कसं करायचं ते शिकवलं.

परत निघायच्या आदल्या रात्री मी अर्ज काढला. आईने चष्मा लावून दोनदा वाचला. 'कौटुंबिक कारण' या रकान्यात मी तिच्या गुडघ्यांचं आणि आजीच्या वयाचं लिहिलं होतं. ते खोटं नाही. आजीला आता एका डोळ्याने दिसत नाही. आई म्हणाली, "माझ्या जागी कोणी येईल का?" मी म्हणाले, मला काय माहीत. मग म्हणाले, येईल की. दोघींनाही ठाऊक होतं की शेजारच्या उपकेंद्राची जागा बरेच दिवस रिकामी आहे.

"सही करू का?" तिने मला विचारलं. मला वाटलं होतं मी लगेच हो म्हणेन.

तिने अर्ज लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये घालून ठेवला. मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस होते. सकाळी मला जीपपर्यंत सोडायला आली, तर वाटेत एका घरासमोर थांबून तिने ओसरीवरच्या बाळाच्या पोटाला हात लावून बघितलं, कपडा ओढून घेतला आणि पुन्हा माझ्या पुढे चालू लागली.

बाबांना मी फोनवर सांगितलं की आईकडे अर्ज दिलाय.